पिसवांचा भादवा

भादवा आला की माझ्या पोटऱ्यांना आधी कळतं. कॅलेंडर बघायला लागत नाही. पाऊस मागं सरतो, ऊन असं तापतं की डोक्यावरचा पदर चटके देतो, गावाकडून कुणी आलं तर त्याच्या कपड्यांना बाजरीच्या फुलोऱ्याचा वास येतो, आणि मी बसल्या बसल्या पाय खाजवायला लागते. पिसू एकही नसते. श्रीरामपुरात, तिसऱ्या मजल्यावर, फरशीच्या घरात कुठून येणार पिसवा? धाकट्याची बायको म्हणते, "आई, डॉक्टरला दाखवू या का?" आता त्या डॉक्टरला मी काय दाखवू? पन्नास वर्षांपूर्वीचा भादवा?

यंदा मात्र पिसवा खऱ्याच निघाल्या. नातीनं आधी एक कुत्रं पाळलं होतंच, त्यात पावसाळ्यात जिन्याखालून एक मांजर उचलून आणली. मी नको नको म्हणत होते. मांजर घरात नको, म्हटलं. का नको ते काही सांगितलं नाही. झालं, महिन्याभरात दोघं खाजवायला लागली. परवा ही पोरगी बाजारातून औषधाची इवलीशी नळी घेऊन आली. म्हणाली, "आजी, कुत्र्याची आहे, पण अर्धी त्याला लावते, अर्धी हिला. पिसवा त्याच, औषध तेच."

मी अशी ओरडले, अशी ओरडले, की कुत्रं पलंगाखाली गेलं आणि शेजारीण दार उघडून बघायला लागली. "खाली ठेव ती नळी! आधी वाच त्याच्यावर काय लिहिलंय!"

अक्षरं मुंगीएवढी. तिनं मोबाईलनं फोटो काढून मोठी करून वाचली. फक्त कुत्र्यांसाठी. मांजरांना लावू नये. पोरीचा चेहरा उतरला. मग तिनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि मी शेजारी उभी राहून एकेक शब्द ऐकला. कुत्र्याचं औषध कुत्र्याला, मांजरीचं मांजरीला. दोघांचं वजन करून त्या मापाचंच आणायचं, अंदाजानं नाही. मानेच्या मागं लावायचं, जिथं जीभ पोचत नाही. वाळेपर्यंत दोघांना एकमेकांजवळ जाऊ द्यायचं नाही, कारण मांजर कुत्र्यालाही चाटते. पिल्लं पाजणारी किंवा लहान असेल तर विचारल्याशिवाय काहीही लावायचं नाही. चुकून लागलंच तर कोमट पाण्यानं, साबणानं लगेच धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. लावणाऱ्यानं हात धुवायचे. प्रत्येक वाक्याला मी मान हलवत होते.

"आजी, तुला कसं गं माहीत?" नातीनं विचारलं.

"म्हाताऱ्यांना कळतं सगळं," म्हटलं आणि गॅलरीत जाऊन बसले.  दोन्ही हात पदराखाली घेतले.

भीतीचं असं असतं बाई. माणसं म्हणतात काळ गेला की विसरतं. मला माझ्या लग्नातली माणसं आठवत नाहीत, पण त्या पावडरीचा वास आठवतो. कुबट, घशात जाऊन बसणारा. बंद कोठारात ओलं पोतं राहिलं तर येतो तसा.

मी मूळची पाथर्डीकडची, कोरड्या मुलखातली. लग्न बहात्तरच्या दुष्काळातच झालं, गुळाच्या लापशीवर. सासर पुणतांब्याजवळ एका वस्तीवर. कालवा घराच्या मागूनच जायचा आणि पहिले काही दिवस मी नुसती त्याच्याकडं बघत बसायची. घरात आम्ही तिघंच. आमचे हे, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. आत्याबाई उंच, हाडापेराच्या, तोंडानं फटकळ, पण मला त्यांनी कधी उपाशी झोपू दिलं नाही, आणि त्या वर्षी हे म्हणजे काही थोडं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. गुरं छावणीतून घरी आली. अंगावर कातडी तेवढी राहिलेली, पण येताना गोचिड्या आणि पिसवा भरभरून घेऊन आली. भादव्यात ऊन पडलं आणि त्या पिसवांनी जो काही उच्छाद मांडला, काय सांगू! गोठ्यातून पडवीत, पडवीतून घरात. गोधडीवर बसलं की टुणकन उडायच्या. भाकरी थापताना पोटरीला चावायच्या आणि हात पिठाचे, खाजवता येईना. दिवेलागणीला आत्याबाई परातीत पाणी घालून मध्ये चिमणी ठेवायच्या, उजेडाला उड्या मारून पिसवा पाण्यात पडायच्या. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं जमीन सारवायच्या, कुत्र्याला धुवायच्या. "दम धर, पोरी. आठ-धा दिस लागत्यात," म्हणायच्या. दम कुठला? मला पाचवा महिना होता. पायांवर ओरखडे उठलेले, रक्त निघालेलं. आणि मुळात माझा स्वभाव उतावळा. आहे तो आहे.

घरात जनावरं म्हणजे लांडग्या आणि ठकी. लांडग्या कुत्रा, नाव मोठं आणि स्वतः गरीब. ठकी मांजर. ती नुकतीच व्याली होती. बाजरीच्या कणगीमागं, जुन्या लुगड्याच्या बोळ्यावर तिची तीन पिल्लं होती, डोळेसुद्धा न उघडलेली. आत्याबाईंचा तिच्यावर भारी जीव. दुष्काळात घरात दाणा नव्हता तेव्हासुद्धा ठकीनं घर सोडलं नाही, हे त्या येईल त्याला सांगायच्या. लेकुरवाळी हाय, तिच्या वाटंला जाऊ नका, म्हणून आम्हाला कणगीकडं फिरकू द्यायच्या नाहीत.

त्या दिवसांत बाजरीवर हिंगे, म्हणजे फुलोरा खाणारे किडे, पडले होते. त्यासाठी ह्यांनी बी.एच.सी. पावडरीचं पोतं आणलं होतं. सकाळी दंव असताना नाकाला फडकं बांधायचं, पावडर धोतराच्या फडक्यात घालून पुरचुंडी करायची आणि काठीनं ठोकत ठोकत पिकावर धुरळायची. एके दिवशी शेतातून आले, पुरचुंडी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "उरलीय थोडी. लांडग्याच्या अंगावर मार जराशी. पिसवा मरत्यान."

मी मारली. बांधून ठेवून, शेपटीपासून मानेपर्यंत. लांडग्यानं सुटल्या सुटल्या अंग झाडलं आणि थेट कालव्यात जाऊन पडला. कुत्रंच ते. तासाभरानं चिखल लेवून परत आलं. त्याला काही झालं नाही.

पुरचुंडीत अजून पावडर होती. कणगीमागं पिल्लं होती आणि त्यांच्या गुलाबी पोटांवर पिसवा पळताना मी सकाळीच पाहिल्या होत्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. शप्पथ, कुणी नाही. माझं मीच ठरवलं, की ठकीला लावली की पिल्लांच्या पिसवाही मरतील. तिला मांडीवर घेतलं आणि उलट्या केसांनी, कातडीपर्यंत पोचेल अशी चांगली चोळून चोळून पावडर लावली. ती घुरघुरत होती. एकदाही पंजा मारला नाही. तिला वाटलं असेल, मी कुरवाळते आहे.

मग ती उंबऱ्यात जाऊन बसली आणि अंग चाटायला लागली. पाय, पोट, शेपटी, काखा. मी चुलीपुढून बघत होते आणि आत्याबाईंना हाक मारून म्हणालेसुद्धा, "पाहिलंत का आत्याबाई, कशी नटतीय ठकी!" आत्याबाई जात्यावर होत्या. त्यांनी हं केलं.

आज वाटतं, लांडग्या घाणेरडा म्हणून वाचला आणि ही बिचारी स्वच्छ म्हणून अडकली. मांजर अंगावर काही ठेवत नाही, सगळं पोटात घेते. एवढं साधं होतं. रोज डोळ्यांपुढं चाटताना दिसत होती. तरी सुचलं नाही.

दुपारी ठकीच्या तोंडाला लाळ आली. कान उगीचच थरथरायला लागले. मी तव्यावर उलथनं आपटलं तर ती हातभर उडाली. चालताना मागचे पाय फाकत होते. मग एकदम आडवी पडली आणि चारी पाय झाडायला लागली, डोळे उघडे, दात विचकलेले. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

आत्याबाई धावत आल्या. "काय झालं गं हिला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी मला एक शब्दही बोल लावला नाही. फक्त माझ्या पोटाकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बघणं मला कळलं. आमच्याकडं मांजर हातून मेली तर सोन्याचं मांजर करून काशीला सोडावं लागतं असं मानतात. त्यातून लेकुरवाळी मांजर. त्यातून पोटुशी बाई. हिची पिल्लं आईवेगळी झाली, तर माझ्या पोटातल्या जिवाचं काय? आज तुम्ही हसाल. मी त्या दुपारी हसले नाही. ही जगली पाहिजे, बस्स, ही जगली पाहिजे, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

"इखावर तूप," आत्याबाई म्हणाल्या. "तुपानं इख मरतं."

शिंक्यावर तुपाचं लहान गाडगं होतं. दुष्काळानंतर गाईनं दिलेल्या पहिल्या दुधाचं, थेंब थेंब साठवलेलं, माझ्या बाळंतपणासाठी. त्याला त्या स्वतःसुद्धा बोट लावत नसत. ते गाडगं त्यांनी खाली काढलं, तूप पातळ केलं आणि ठकीचे दात पळीनं उघडून तिला पाजलं. एक पळी, दोन, तीन. "पी माजी बाय, पी," म्हणत होत्या. मग ह्यांना म्हणाल्या, "जा, ढोरांच्या डाक्तराला घेऊन ये."

"मांजरीसाठी?" हे म्हणाले. "गाव हसंल, आई."

"हसू दे. जा तू."

ते सायकलवर गेले. डॉक्टर म्हणजे दवाखान्यातले स्टॉकमन, मध्यम वयाचे, चष्मेवाले. ते येईपर्यंत ठकीला आणखी दोनदा झटका येऊन गेला. त्यांनी आल्या आल्या पावडरीचं पोतं बघायला मागितलं, वास घेतला आणि विचारलं, "पोटात काय दिलंय?"

"तूप पाजलंय," आत्याबाई मोठ्या आशेनं म्हणाल्या. "चांगलं तीन पळ्या."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो आजी, काय केलंत हे! ही पावडर पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळते. तुपाबरोबर अंगात भिनते ती."

 आत्याबाईंच्या हातात अजून पळी होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

मग डॉक्टरांनी कोमट पाणी आणि अंगाचा साबण मागितला. मी पुढं झाले तर मला थांबवलं. "तुम्ही नाही, ताई. तुम्ही आधी हात धुवा. कोपरापर्यंत, दोनदा. आणि ते लुगडं बदला." त्यांनी आणि ह्यांनी मिळून ठकीला धुतलं, पुसलं, पिल्लांना वेगळं करून ओल्या फडक्यानं पुसून काढलं, हिला सुई दिली आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पोत्यावर निजवलं. भांडं वाजवू नका, बोलू नका म्हणाले. पिल्लांना शेळीचं दूध वातीनं पाजा म्हणाले.

ते निघाले तेव्हा त्यांच्या हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन मी अंगणाच्या कडेपर्यंत गेले. खालच्या आवाजात विचारलं, "तूप पाजलं नसतं तर जगली असती का हो?"

ते हात चोळत थांबले. "खोटं कशाला सांगू? नसती. सकाळपासून चाटून चाटून पोटात गेलेलीच होती. तुपानं लवकर झालं, एवढंच." मग घराकडं बघून म्हणाले, "म्हातारीनं फार मनाला लावून घेतलेलं दिसतंय. तिला सांगा तेवढं, तुपानं मेली नाही म्हणावं. सांगाल ना?"

मी हो म्हटलं.

दिवस मावळायच्या आत ठकी गेली. आत्याबाईंनी तिच्यावर फडकं घातलं आणि आपले दोन्ही हात पुढं धरून बघत बसल्या. "ह्या हातांनी लेकुरवाळी मारली मी," म्हणाल्या. मी शेजारीच होते. निरोप माझ्या जिभेवर होता. तोंड उघडलंसुद्धा. आणि मनात आलं, तुपानं मेली नाही म्हटलं की पुढचं विचारणारच, मग कशानं मेली? मग पाप कुणाचं? मी पोटावर हात ठेवला आणि तोंड मिटलं.

तो आश्विन, तो कार्तिक मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. दिवसातून दहादा राखेनं हात धुवायची. कातडी फाटली तरी तो कुबट वास जाईना. मी त्या हातांनी पावडर चोळली होती, त्याच हातांनी जेवले असेन, पाणी प्याले असेन. पोटात हालचाल झाली की जीव भांड्यात पडायचा आणि घटकाभर थांबली की घाम फुटायचा. गोठ्यात कुणी बादली आपटली आणि पोटातलं बाळ दचकलं, तर मला ठकीचे थरथरणारे कान दिसायचे. सांगणार कुणाला?

आत्याबाईंनी तूप सोडलं ते कायमचं. सणालासुद्धा पोळी कोरडी खायच्या. एकदा पहाटे उठून चालत गंगेवर गेल्या. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. घाटावरच्या भटजींनी सांगितलं, आंघोळ करा, दान करा, झालं. आत्याबाईंचं समाधान झालं नाही. घरी येऊन म्हणाल्या, "असं कसं झालं? इतकं सोपं असतंय व्हय?" पिल्लांपैकी एक मेलं, दोन जगली. ती त्यांनीच वातीनं दूध पाजून जगवली.

सातव्यात मी माहेरी गेले. पौषात मुलगी झाली. मी आधी बोटं मोजली, मग डोळे पाहिले, मग सुईणीला तीनदा विचारलं, "धड हाय ना?" धड होती. खणखणीत रडत होती. आणि माझी भीती काही गेली नाही, तिनं फक्त कूस बदलली. आता वाटायला लागलं, मी गप्प राहिले म्हणून पोर धड आली. बोलले तर फिरेल सगळं.

बारशाला आत्याबाई एस.टी.नं आल्या. टोपडं, अंगडं, खारका, खोबरं, सगळं घेऊन. माझ्या आईनं बाळ त्यांच्यापुढं धरलं. आत्याबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "ऱ्हाऊ द्या. माजे हात गार हायेत," म्हणाल्या आणि वाकून लांबूनच बघितलं. बायकांत कुजबुज झाली. पोरगी झाली म्हणून शिवली न्हाई, बघ. आई रात्रभर माझ्याजवळ रडली. मला खरं काय ते माहीत होतं. मी कुशीवर वळून झोपेचं सोंग घेतलं.

फाल्गुनात वस्तीवर परत आले तरी तेच. आत्याबाई पाळण्याची दोरी ओढायच्या, पोरीला हात लावायच्या नाहीत. पाणी तापवून द्यायच्या, न्हाऊ मला घालायला सांगायच्या. शेजारच्या वस्तीवरच्या बायका तोंडावर बोलायच्या, "पहिली बेटी हाय, मावशे, एवढं काय त्यात?" त्या ऐकून घ्यायच्या. हेसुद्धा आईवर चिडून बोलायला लागले. एकदा तर जेवणावरून उठून गेले. आणि मी? मी वाढत होते, उष्टी काढत होते, गप्प होते. तुम्ही म्हणाल, किती दुष्ट बाई! दुष्ट नव्हते हो. भ्यालेले होते. पण समोरच्याला दोन्ही सारखंच लागतं.

पुन्हा भादवा आला. बाजरी फुलोऱ्यात आली. पोरगी आठ महिन्यांची, सगळीकडं रांगायची. एका दुपारी मी चुलीपुढं भाकरी थापत होते. आत्याबाई पडवीत भिंतीला टेकून सुपात मटकी निवडत होत्या. आणि एकदम त्यांची हाक आली, "कुसे! कुसे, पळ! उचल हिला, उचल!"

मला वाटलं साप निघाला. पिठाच्या हातांनीच धावले.

पोरगी रांगत रांगत त्यांच्या मांडीवर चढली होती. त्यांच्या लुगड्याला धरून उभी राहिली होती आणि त्यांच्या नाकाला हात लावून हसत होती. आणि आत्याबाई भिंतीला चिकटून, दोन्ही हात डोक्यावर उंच धरून बसल्या होत्या. सूप उलटं झालेलं, मटकी पडवीभर. "बघत काय हुबी ऱ्हायलीस? उचल की गं! माजा हात लागंल!"  एवढी उंच, फटकळ बाई, आणि आठ महिन्यांच्या पोरीला भिऊन रडायच्या घाईला आली होती.

मी उचललं नाही. पाय पुढं गेलेच नाहीत.

"आत्याबाई, ठकी तुपानं नाही मेली," मी म्हटलं. "डाक्तर तेव्हाच म्हणाले होते. तूप नसतं पाजलं तरी ती जगली नसती. पावडरीनंच मेली. तुम्हाला सांगा म्हणाले होते. मी नाही सांगितलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हात तसेच वर होते. राग आला नाही त्यांना, निदान मला तो दिसला नाही. 

"आठ म्हैने, कुसे," त्या म्हणाल्या. "आठ म्हैन्याची झाली की गं पोर."

तेवढ्यात पोरीचा एक पाय मांडीवरून घसरला आणि ती मागं कलली. आत्याबाईंचे हात खाली आले. तिला त्यांनी छातीशी घट्ट धरलं, तिच्या टाळूवर तोंड ठेवलं आणि मोठ्यानं रडायला लागल्या. मी तिथंच उभी होते. माझ्याकडं त्यांनी पुढं कितीतरी दिवस पाहिलं नाही.